ईश्वरेच्छेचा आधार आणि माणसाचा हिशेब

गुजरातेतील मोरबी येथे मच्छू नदीवरचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी संध्याकाळी तुटला आणि १३५ माणसे मृत्युमुखी पडली. दिवाळीच्या सुटीचे दिवस होते; मृतांत लहान मुले पुष्कळ होती. हा पूल दुरुस्तीसाठी कित्येक महिने बंद होता आणि अवघ्या चार दिवसांपूर्वी तो पुन्हा खुला झाला होता. नगरपालिकेकडून योग्यतेचा दाखला घेण्याआधीच लोकांना पुलावर सोडण्यात आले, पायाखालचा भाग नवा केला पण गंजलेले तारदोर तसेच ठेवले, अशा गोष्टी तपासात उघड झाल्या. अटक झालेल्यांपैकी एका व्यवस्थापकाने न्यायालयासमोर मात्र निराळेच कारण सांगितले. घडले ती ईश्वराची इच्छा होती, असे त्याचे म्हणणे होते.

हा प्रकार अपवादात्मक असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ३१ मार्च २०१६ रोजी कोलकात्यात बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल भर वस्तीत कोसळला आणि पंचवीसहून अधिक माणसे त्याखाली गेली, तेव्हाही बांधकाम कंपनीच्या एका अधिकाऱ्याला तीच ईश्वरी करणी वाटली होती. ऑगस्ट २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे राज्यांच्या वस्तू व सेवा कराच्या उत्पन्नात तूट आली. ती भरून काढण्याचा वाद चालू असताना केंद्रीय अर्थमंत्र्यांनी त्या संकटाचे वर्णन ‘अ‍ॅक्ट ऑफ गॉड’ याच शब्दांत केले. २ जुलै २०२४ रोजी उत्तर प्रदेशात हाथरसजवळ एका सत्संगानंतर चेंगराचेंगरीत १२१ जण मरण पावले. परवानगी ऐंशी हजार लोकांची होती. जमले त्याच्या तिपटीहून अधिक, अशी नोंद पोलिसांनी केली. ज्यांच्या दर्शनासाठी हा समुदाय जमला होता त्या प्रवचनकारांनी पुढे काही दिवसांनी, होणारे कोणाला टाळता येते, अशा अर्थाचे उद्गार काढल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले.

दयाळू आणि सर्वशक्तिमान ईश्वर असताना जगात इतके दुःख का, हा प्रश्न माणसाने हजारो वर्षे ईश्वराला विचारला आहे. या उदाहरणांत तो प्रश्न उलटा झालेला दिसतो. येथे दुःख भोगणारा ईश्वराला जाब विचारीत नाही. ज्याला जाब विचारला जाण्याची शक्यता आहे तोच ईश्वराला साक्षीदार म्हणून उभा करतो. श्रद्धा आणि दुःख यांचा मेळ बसतो काय, या प्रश्नाचा विचार केवळ तत्त्वज्ञानाच्या वर्गात करून भागणार नाही, याचे कारण हे आहे. त्या प्रश्नाला आपण कोणते उत्तर देतो, यावर पुष्कळदा कोण सुटतो आणि कोण भरडला जातो हे ठरत असते.

जुना प्रश्न, जुनी उत्तरे

प्रश्नाची मांडणी ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावाने सांगितली जाते. दुष्टपणा व दुःख नाहीसे करण्याची ईश्वराची इच्छा आहे पण सामर्थ्य नाही, असे म्हटले तर तो दुबळा ठरतो. सामर्थ्य आहे पण इच्छा नाही, असे म्हटले तर तो निर्दय ठरतो. आणि दोन्ही आहेत असे म्हटले तर दुःख आले कोठून, याचा उलगडा होत नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाचे धर्मविषयक संवाद त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत हाच पेच पुन्हा मांडला गेला आणि तेव्हापासून पाश्चात्त्य विचारात तो कधीच मिटला नाही.

हा पेच केवळ पश्चिमेचा आहे, ही समजूत मात्र चुकीची होय. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर दोन दोषारोप उघडपणे उपस्थित केलेले आहेत. पहिला वैषम्याचा, म्हणजे एकाला सुखी आणि दुसऱ्याला दुःखी करणाऱ्या पक्षपाताचा. दुसरा नैर्घृण्याचा, म्हणजे निर्दयतेचा. शंकराचार्यांनी भाष्यात दिलेले उत्तर असे की, ईश्वर हा पर्जन्यासारखा आहे. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो. कोठे भात उगवतो, कोठे जव, याचा भेद बीजात असतो. त्याचप्रमाणे प्राण्यांच्या सुखदुःखातील भेद त्यांच्या कर्मामुळे होतो. मग सृष्टीच्या आरंभी, कर्म घडण्यापूर्वीच, विषमता कोठून आली? या शंकेला, संसार अनादि आहे, असे उत्तर पुढच्याच सूत्रात येते. तर्क म्हणून ही रचना बळकट आहे आणि तिने ईश्वराला दोषमुक्त केले आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु ईश्वरावरचा आरोप ज्याच्यावर सरकला तो दुःखी मनुष्यच होता, हेही विसरता येत नाही.

इतर उत्तरेही परिचित आहेत. माणसाला स्वातंत्र्य द्यावयाचे तर वाईट करण्याचेही स्वातंत्र्य द्यावे लागते, हे एक. दुःखाच्या मुशीतून आत्मा घडतो, हे दुसरे. सर्व काही लीला आहे, हे तिसरे. पहिल्याने युद्धांचा आणि अत्याचारांचा उलगडा होतो, भूकंपाचा होत नाही. दुसरे प्रौढ माणसाच्या बाबतीत काही अंशी पटते. पाळण्यात दगावलेल्या अर्भकाचा आत्मा घडला कधी, या प्रश्नापुढे ते अडते. तिसरे उत्तर समाधी लागलेल्या योग्याला शोभेल. शोकाकुल आईपुढे ते उच्चारण्याचे धैर्य सहसा कोणी करीत नाही, आणि जो करतो त्याला लोक ज्ञानी समजत नाहीत.

या उत्तरांची सत्यासत्यता पारखण्याआधी एक साधा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. तेच उत्तर कोणाच्या तोंडी आहे, यावर त्याचे नैतिक मूल्य बदलते. मुलगा गमावलेला बाप जेव्हा ‘देवाची इच्छा’ म्हणून डोळे पुसतो, तेव्हा तो स्वतःला सावरीत असतो. त्या शब्दांवर वाद घालणे अमानुषपणाचे ठरेल. ज्याने पूल बांधला तो जेव्हा तेच शब्द उच्चारतो, तेव्हा तो हिशेब चुकवीत असतो. एखादा आजारी मनुष्य आपल्या दुखण्याकडे पूर्वकर्माचे फळ म्हणून पाहतो आणि शांत होतो. त्याचा शेजारी त्याच दुखण्याकडे त्याच दृष्टीने पाहून त्याला मदत नाकारतो. तत्त्व एकच, पण एका ठिकाणी ते सोसण्याचे बळ देते आणि दुसऱ्या ठिकाणी हात आखडते घेण्याचे निमित्त होते. लोकमान्य टिळकांना या धोक्याची जाणीव असावी. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाकाचा विचार त्यांनी आत्मस्वातंत्र्याच्या विचाराशी एकाच प्रकरणात जोडला आहे.

मंगळवेढ्याची भिंत

या भेदाचे मर्म महाराष्ट्राला सर्वांत स्पष्टपणे दिसावे असे उदाहरण चोखामेळ्याचे आहे. मंगळवेढ्यास गावकुसाच्या बांधकामावर राबत असताना भिंत कोसळून चोखोबा मजुरांसह गाडले गेले, अशी परंपरा आहे. ते वर्ष १३३८ मानतात. त्यांच्या नावावरील अभंगांत दोन सूर ऐकू येतात. एका ठिकाणी आपला हीन मानलेला जन्म हे पूर्वीच्या दोषाचे फळ आहे, असे ते मान्य करताना दिसतात; अन्यत्र ते विठ्ठलालाच या अन्यायाबद्दल खडसावतात. ज्या समाजाने त्यांना महाद्वाराच्या आत येऊ दिले नाही, त्याने पहिला सूर पसंत केला, यात नवल नाही. त्या सुरात मंदिराच्या व्यवस्थेला काहीच करावे लागत नव्हते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मधील आपला अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत मात्र त्यांनी निःसंदिग्धपणे नाकारला. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने व राज्यसंस्थेने झटकावी, याखेरीज अशा सिद्धांताचा दुसरा हेतू दिसत नाही, असा त्यांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील प्रतिपादनाचा आशय आहे. इतिहासाने हे प्रतिपादन खरे ठरविले. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले आणि दार उघडले. सहाशे वर्षे जे पूर्वजन्मीचे फळ म्हणून सांगितले जात होते, ते दहा दिवसांच्या उपोषणाने आणि त्यामागच्या चळवळीने बदलले. बदलले ते कोणाचे पूर्वकर्म नव्हते. बडव्यांचा आणि शासनाचा निर्णय तेवढा बदलला होता. साने गुरुजी नास्तिक नव्हते, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. दार उघडण्याची मागणी त्यांनी विठ्ठलाच्या नावानेच केली होती.

लिस्बन ते मुंगेर

निसर्गाच्या कोपाची गोष्ट निराळी आहे, असे कोणी म्हणेल. तेथे बडवे नसतात आणि ठेकेदारही नसतो. म्हणून भूकंपांचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरते.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने हादरली. प्रार्थनेसाठी भरलेली चर्चे कोसळली. पाठोपाठ समुद्र शहरात शिरला आणि आगी लागल्या. हजारो माणसे मेली. हे जग शक्य असलेल्या जगांपैकी सर्वोत्तम आहे, या लायब्निझच्या मताची व्हॉल्टेअरने प्रथम एका दीर्घ कवितेत आणि नंतर १७५९ मध्ये ‘कांदीद’ या कथेत चिरफाड केली. रूसोने व्हॉल्टेअरला १७५६ मध्ये लिहिलेल्या पत्रात वेगळाच मुद्दा काढला. सहा-सात मजल्यांची हजारो घरे एके ठिकाणी दाटीने निसर्गाने बांधलेली नव्हती, याकडे त्याने लक्ष वेधले. मालाग्रिदा नावाच्या जेझुइट धर्मगुरूने ही आपत्ती पापाची शिक्षा असल्याचे पत्रक काढले. पुनर्बांधणीत गुंतण्यापेक्षा लोकांनी प्रायश्चित्त घ्यावे, असा त्याचा आग्रह होता. पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आलेल्या मंत्र्याने मात्र परगण्या-परगण्यांतील धर्मगुरूंना प्रश्नावली धाडली: धक्का किती वेळ टिकला, समुद्र किती चढला, किती माणसे मेली, कोणत्या इमारती पडल्या. त्याच मालाग्रिदाला १७६१ मध्ये पाखंडाच्या आरोपावरून ठार करण्यात आले, हा त्या कारभाराचा क्रूर भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही. तरीही भूकंपशास्त्राच्या इतिहासात स्थान मिळाले ते त्या प्रश्नावलीला, पापांच्या यादीला नव्हे.

भारतात हाच वाद दोन थोर पुरुषांत झाला आणि तो दोघांच्याही मोठेपणाला साजेसा झाला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार व नेपाळला प्रलयंकर भूकंपाचा धक्का बसला. मुंगेर शहर जवळजवळ जमीनदोस्त झाले. दहा हजारांहून अधिक माणसे मरण पावली. महात्मा गांधी त्या वेळी अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. तिरुनेल्वेली येथे त्यांनी सांगितले की, हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेला दंड आहे, असे आपल्याला वाटते. रवींद्रनाथ टागोरांना हे वाचून धक्का बसला. त्यांनी लिहिलेला प्रतिवाद गांधीजींनी आपल्याच ‘हरिजन’ साप्ताहिकात १६ फेब्रुवारी १९३४ रोजी छापला आणि त्याच अंकात उत्तरही दिले.

रवींद्रनाथांचा आक्षेप दुहेरी होता. भौतिक आपत्तीची कारणे भौतिक घटनांतच असतात, हा पहिला भाग. दुसरा अधिक मार्मिक होता. अशा युक्तिवादाची पद्धत गांधीजींच्या विरोधकांनाच अधिक मानवणारी आहे. तेही उद्या हा भूकंप अस्पृश्यतानिवारणाच्या चळवळीमुळे झाला, असे म्हणू शकतील. गांधीजींनी उत्तरात, आपल्याला हे सिद्ध करता येणार नाही, असे मान्य केले. तथापि, या श्रद्धेने आपण नम्र होतो आणि पाप नाहीसे करण्याच्या प्रयत्नाला अधिक वेग येतो, असे त्यांनी म्हटले.

गांधीजींच्या बाजूने एक गोष्ट निश्चितच सांगता येते. त्यांनी बोट दाखविले ते स्वतःच्या समाजाकडे, स्वतःसकट. दंडाची कल्पना त्यांनी दुर्बलांविरुद्ध वापरली नाही; बलवानांना शरम वाटावी म्हणून वापरली. परंतु मुंगेरच्या ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही सापडले होते आणि पाळण्यातील मुलेही. ज्या पापाचे ते बळी होते त्याच पापाची शिक्षा त्यांना का व्हावी, या प्रश्नाला त्या उपपत्तीत जागा नव्हती. हेतू कितीही उदात्त असला तरी दुसऱ्याच्या मरणाचा अर्थ लावताना ईश्वराच्या न्यायाला बाधा येते आणि मृतांच्या प्रतिष्ठेलाही, हे या वादातून दिसून आले.

रवींद्रनाथांनी वर्तविलेली भीती पुढे अनेकदा खरी ठरली. २०१० मध्ये हैतीत भूकंपाने हाहाकार माजविला. गुलामगिरी झुगारताना तेथील लोकांनी सैतानाशी करार केला होता, असे अमेरिकेतील एका प्रसिद्ध दूरचित्रवाणी धर्मोपदेशकाने तेव्हा सांगितले. २०१८ मध्ये केरळात महापूर आला, तेव्हा शबरिमलै मंदिरात स्त्रियांच्या प्रवेशाचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे होता. पुराचा संबंध त्या वादाशी जोडण्याचे प्रयत्न झाले. दैवी शिक्षेची कल्पना ज्याच्या हाती पडेल त्याच्या पूर्वग्रहाचे रूप घेते. तिला स्वतःचा असा काही विवेक नसतो.

भूकंप आणि भिंती

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे किल्लारीच्या भूकंपाने उद्ध्वस्त झाली. नुकतेच गणपतीचे विसर्जन करून लोक झोपले होते. आदल्या दिवसापर्यंत ज्याची आरती केली त्या विघ्नहर्त्याने हे कसे होऊ दिले, हा प्रश्न त्या पहाटे शेकडो घरांतून उमटला असेल आणि तो विचारण्याचा अधिकार त्यांना पुरेपूर होता. सरकारी नोंदीनुसार सुमारे आठ हजार माणसे मेली. धक्क्याची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. त्याआधी चारच वर्षांपूर्वी, १९८९ च्या ऑक्टोबरात, कॅलिफोर्नियात ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला होता. तेथे ६३ माणसे मेली. दोन्ही ठिकाणची वेळ, वस्ती आणि भूकंपाची खोली सारखी नव्हती, हे खरे. परंतु एवढी तफावत त्यामुळे भरून निघत नाही. किल्लारीकडची घरे चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींची होती आणि त्यांच्यावर मातीच्या माळवदाचे प्रचंड ओझे होते. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच भिंत त्या पहाटे माणसांवर कोसळली. जमीन निसर्गाने हलविली. प्राण घेतले ते घरांनी. ती घरे तशी का होती, याचे उत्तर दारिद्र्यात आणि धोका ठाऊक नसण्यात आहे.

हेच दरडींच्या बाबतीत. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी या ठाकरवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली आणि शोध थांबविण्यात आला. धोकादायक म्हणून नोंदलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नावच नव्हते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाविषयीचा अहवाल २०११ मध्ये दिला होता. त्याचे पुढे काय झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. अतिवृष्टी आकाशातून येते; यादी मात्र कचेरीत तयार होते.

आणि देवाच्या दारातल्या मृत्यूंचे काय? २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत तीनशेच्या आसपास भाविकांचा अंत झाला. अरुंद पायवाट, दोन्ही बाजूंनी दाटलेली दुकाने, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि नंतर दुकानांना लागलेली आग, अशी ती कारणपरंपरा होती. त्यातले एकही कारण गूढ नव्हते. ऑगस्ट २००३ मध्ये नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत सुमारे चाळीस जण मेले. २०१५ च्या सिंहस्थात तशी दुर्घटना घडली नाही. गोदावरी तीच होती, पर्व तेच होते आणि भाविकांची श्रद्धाही तीच होती. बदलला होता तो बंदोबस्त.

कायद्याने काढलेला मार्ग

‘ईश्वरी करणी’ हा कायद्याच्या भाषेतही जुना शब्द आहे. मनुष्याच्या दूरदृष्टीला टाळता न येणारी नैसर्गिक आपत्ती ओढवली तर नुकसानभरपाईची जबाबदारी राहत नाही, असा बचाव इंग्लंडच्या न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकात मान्य केला आणि तो भारतातही आला. भोपाळच्या वायुकांडाने या बचावाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री तेथे हजारो माणसे विषारी वायूने मेली. त्यानंतर वर्षभराने दिल्लीतील एका कारखान्यातून वायुगळती झाली. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सरन्यायाधीश प्र. न. भगवती यांच्या नेतृत्वाखाली २० डिसेंबर १९८६ रोजी निर्णय दिला. घातक उद्योग चालविणाऱ्याचे उत्तरदायित्व निरपेक्ष आहे आणि इंग्रजी कायद्यातील कोणतेही अपवाद, म्हणजे अर्थातच ईश्वरी करणीचा बचावही, त्याला उपलब्ध नाहीत, असे या निर्णयाने ठरविले.

न्यायालयाने ईश्वराच्या अस्तित्वाविषयी काहीही म्हटले नाही आणि म्हणण्याचे कारणही नव्हते. ज्याने धोका निर्माण केला आणि त्यातून नफा मिळविला, त्याला वर बोट दाखविता येणार नाही, एवढेच त्याने सांगितले. भोपाळच्या पीडितांच्या पदरात १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोडच पडली, हे या निर्णयाचे अपुरेपण होय. तत्त्व मान्य होणे आणि न्याय मिळणे यांत अंतर असते. तरीही एका लौकिक न्यायालयाने धर्मचिंतनालाही उपयोगी पडेल असा विवेक दाखविला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

उरलेला प्रश्न

माणसाचा वाटा असा वेगळा काढल्यावर सर्व दुःखाचा हिशेब लागतो काय? नाही लागत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने दोन लाखांहून अधिक बळी घेतले. नाताळनिमित्त वेलंकणीला आलेले यात्रेकरूही त्यांत होते. हिंदी महासागरात तेव्हा पूर्वसूचनेची व्यवस्था नव्हती, म्हणजे तेथेही माणसाचा काही वाटा होताच. परंतु चार वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग होतो, जन्मतःच एखाद्या बालकाचे हृदय सदोष असते, तेथे कोणत्या ठेकेदाराला पकडावे? उपचार हाताशी नसण्याचा दोष समाजाकडे जातो. रोगाचा जात नाही. विश्वातील सारे सामंजस्य एका छळलेल्या मुलाच्या अश्रूंच्या मोलाने मिळणार असेल तर ते नको, असे दस्तयेवस्कीच्या कादंबरीतील इव्हान कारमाझोव्ह म्हणतो. त्याला निरुत्तर करील असे समर्थन दीड शतकात कोणी दिलेले नाही. ईश्वर मानणाऱ्याने हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ज्याने या कारणासाठी ईश्वर नाकारला, त्याची भूमिका त्यामुळे उथळ ठरत नाही.

मात्र श्रद्धा टिकविणाऱ्यांनी नेहमी समर्थनाच्याच बळावर ती टिकविली, असेही नाही. ज्यूंच्या धर्मग्रंथातील ईयोबाची कथा येथे बोलकी आहे. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाला त्याचे मित्र, तुझ्या हातून काही पाप घडले असले पाहिजे, असे पटवीत राहतात; तो मात्र आपली निरपराधिता सोडीत नाही आणि थेट ईश्वराशी भांडतो. शेवटी ईश्वराचा राग होतो तो त्याची बाजू मांडणाऱ्या मित्रांवर. भांडणाऱ्या ईयोबाचे बोलणे तो खरे मानतो. दुःखाचे स्पष्टीकरण आणि ईश्वरावरील श्रद्धा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या प्राचीन ग्रंथकाराने ओळखले होते.

वारकरी परंपरेलाही ते ठाऊक होते. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्यात तुकोबांचा व्यापार बुडाला आणि पत्नी व मूल दगावले. त्यांनी देवाशी केलेली भांडणे मराठी माणसाला परिचित आहेत. परंतु त्याहून महत्त्वाची आहे ती त्यांची कृती. घरात सावकारीची खतपत्रे होती. भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. दुष्काळ का पडला, याची मीमांसा तुकोबांनी गावाला ऐकविली नाही. दुष्काळात नाडलेल्यांच्या डोक्यावरचे आपल्या हातचे ओझे त्यांनी उतरविले. ज्या मंगळवेढ्यात चोखोबांवर भिंत कोसळली, त्याच मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे उघडली, अशी कथा आहे. या कथा लोकांनी शतकानुशतके जपल्या. दुष्काळाचे समर्थन करणारा एकही संत त्यांनी लक्षात ठेवला नाही.

जोतीराव फुले यांचे उदाहरण या बाबतीत विशेष लक्षणीय ठरते. जगाचा ‘निर्मीक’ त्यांनी शेवटपर्यंत मानला. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त तो आहे. परंतु निर्मीक आणि मनुष्य यांच्यामध्ये उभे राहून दैवाचे अर्थ सांगणाऱ्या मध्यस्थांना त्यांनी जागा ठेवली नाही. सावित्रीबाईंनी त्या विचाराचा अखेरचा अर्थ प्लेगच्या साथीत दाखविला. पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. प्लेग कोणाच्या पापाने आला, याची चर्चा करण्यास त्यांना सवड नव्हती.

येथे आस्तिक आणि नास्तिक यांच्यातील अंतर पुष्कळच कमी होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी ज्यांची हत्या झाली त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी, आपला विरोध देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, ही भूमिका सातत्याने मांडली होती. ईश्वर आहे की नाही, यावर फुले आणि दाभोलकर यांचे एकमत झाले नसते. दुसऱ्याच्या दुःखाचा दैवी अर्थ लावून हात झटकू नयेत, यावर झाले असते. जी श्रद्धा हे पथ्य पाळते, ती दुःखाच्या वास्तवाशी नांदू शकते. तिला सगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळतात म्हणून नव्हे, तर अनुत्तरित प्रश्न घेऊन जगण्याचे आणि दुसऱ्याला हात देण्याचे बळ तिच्यात राहते म्हणून. जी श्रद्धा हे पथ्य पाळीत नाही, तिची संगती तर्काने लावता आली तरी माणुसकीने लावता येणार नाही.

हा विवेक धर्माच्या बाहेरूनच यावा लागतो, असे नाही. प्रयागराजच्या कुंभमेळ्यात २९ जानेवारी २०२५ रोजी मौनी अमावास्येच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली. सरकारने प्रथम ३० मृत्यू जाहीर केले. गंगातीरी मरण आले त्यांना मोक्षच मिळाला, असे एका लोकप्रिय कथावाचकाने म्हटले. त्यावर शंकराचार्य अविमुक्तेश्वरानंद यांनी, असा मोक्ष तुम्हाला हवा असेल तर आम्ही ढकलून देण्यास तयार आहोत, अशा आशयाचे बोचरे उत्तर दिले. पीठावरून आलेल्या या उत्तरात शास्त्रार्थाहून अधिक धर्म होता. त्याच वर्षी ३ मे रोजी गोव्यात शिरगावच्या श्री लईराईच्या जत्रेत पुन्हा चेंगराचेंगरी होऊन किमान सहा भाविक मरण पावले.

२०२७ चा नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ या सर्व अनुभवांनंतरचा आहे. लाखो भाविक रामकुंडाकडे आणि कुशावर्ताकडे निघतात ते ईश्वरावर भरवसा ठेवून. त्या भरवशाचा मान राखावयाचा तर रस्त्यांची रुंदी, येण्याजाण्याचे वेगळे मार्ग, गर्दीची मर्यादा आणि ती ओलांडल्यास नावानिशी जबाबदार धरले जाणारे अधिकारी, या गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत आणि त्या लोकांसमोर मांडल्या गेल्या पाहिजेत. एवढे करूनही काही विपरीत घडलेच, तर शोक करणाऱ्याने देवाला काय विचारावे, हा त्याचा आणि देवाचा प्रश्न राहील. चौकशी समितीपुढे मात्र देवाचे नाव साक्षीदारांच्या यादीत असता कामा नये.